सोळा लाल चौकोन

कागद वाऱ्याने उडू नये म्हणून लालीबाईने त्याच्या एका कडेवर वरवंटा ठेवला होता आणि दुसऱ्या कडेवर स्वतःचा गुडघा. अंगणातल्या लिंबाखाली पसरलेला तो कागद भुरीबाईला निम्म्या खाटेएवढा वाटला. त्यावर निळ्या शाईत आठ पाकळ्यांचे कमळ छापले होते. प्रत्येक पाकळीला एक अक्षर दिलेले होते, आणि कोणत्या अक्षराचे किती तुकडे कापायचे, ते खाली ओळीने लिहिले होते. लाली माहेरी चौथीपर्यंत शिकली होती. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती, आणि प्रत्येक ओळ संपली की मान वर करून मोठ्या जावेकडे पाहत होती.

"बाई, याच्यात इचार करायचं कामच नाही," ती शेवटी म्हणाली. "कापड कागदावर ठेवा, रेघेनं कापा अन् शिवा. महिन्याच्या आत गोधडी तयार."

"इचार करायचं कामच नसन, तं मंग आपुन कायले पायजे?" भुरीबाईने विचारले.

ती हे हसत म्हणाली, पण लालीला ते हसणे पुरते पटले नाही. तसे पटण्याजोगे काही त्या दोघींमध्ये गेल्या दोन वर्षांत फारसे घडलेही नव्हते. पूनमसिंगने चूल वेगळी मांडली त्या दिवाळीपासून एकाच अंगणात समोरासमोर दोन दारे झाली होती. इकडे थोरला देवसिंग, भुरीबाई, त्यांची मुले, धाकटी नणंद आणि म्हातारा-म्हातारी, म्हणजे सासरा हरिसिंग आणि सासू रुपीबाई. तिकडे धाकटा पूनमसिंग आणि लाली. भांडण म्हणावे असे काही शिल्लक उरले नव्हते. विस्तव, विरजण, चाळणी यांची देवाणघेवाण चालत असे. परंतु बोलणे तेवढ्यापुरतेच राहत असे, आणि ते संपले की दोघी आपापल्या दारात परत जात.

आज त्या दोघी एका सावलीत बसल्या होत्या त्या नणंदेसाठी. होळीनंतर हंसाबाईचे लग्न होते. सासर लांब, केळापुराकडचे. मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत एक गोधडी द्यायची, आणि त्या गोधडीत घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरचे कापड घालायचे, ही या घराची रीत होती. थोरल्या नणंदेच्या, तुळसाबाईच्या वेळी रुपीबाईने एका दिवसात सगळे तुकडे कापून रचले होते. कागद नाही, खडूची रेघ नाही. तिने नुसते कापडाकडे पाहिले होते आणि कात्री चालवली होती. भुरीबाईने तेव्हा तिच्या हाताखाली बसून टाके घातले होते. भुरीबाईचा टाका तिळाएवढा बारीक आणि सरळ पडे, आणि तांड्यातल्या बायका तो पाहायला येत. पण या घरात येऊन पंधरा वर्षे झाली तरी ती कात्री एकदाही तिच्या हाती आली नव्हती.

आता रुपीबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी तो पिकेपर्यंत थांबायला सांगितले होते. तिला उजेड आणि सावली तेवढी कळत असे. ती भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होती, आणि कोणी काही विचारले की एकच उत्तर देत होती.

"मले इचारू नका. मले दिसत नाही."

भुरीबाईला त्या उत्तरातला कडवटपणा ऐकू येत होता. तिला स्वतःच्या मनातलेही ऐकू येत होते, आणि ते तिला फारसे आवडत नव्हते. हा कागद घरात आला, तर यापुढे कापायचे कसे ते कागदच सांगणार. सासूकडची कात्री तिच्याकडे यायची वेळ कधी येणारच नाही. उलट कागद परत पाठवला, तर कात्री आजच तिच्या हाती येणार. आणि तिने कापड बिघडवले तर? बाकीची कापडे बिघडली तरी चालण्यासारखी होती. खारव्याचा, म्हणजे त्या जाड लाल सुती कापडाचा, तुकडा मात्र एकच होता.

हा खारवा म्हणजे हरिसिंगच्या बापाच्या वेळच्या बैलाची झूल. तांडा मीठ-धान्य लादून गावोगाव फिरत असे त्या दिवसांत सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या बैलाच्या पाठीवर ती असे. बैल गेला, ती माल वाहण्याची लदेणी बंद झाली, माणसे शेतीला लागली. झूल मात्र पेटीत राहिली. तिचा फाटका भाग काढून टाकल्यावर चारी बाजूंनी सारखा असा एक तुकडा उरला होता. दोन मुलींच्या लग्नांत हरिसिंगने तो हातचा सोडला नव्हता. या शेवटच्या मुलीसाठी मात्र मागच्या आठवड्यात त्याने स्वतः पेटी उघडली होती.

तो खाटेवर बसून अंबाडीचा दोर वळत होता. इतका वेळ गप्प राहणे त्याला जड गेले असावे. आपला बाप इथून थेट खानदेशापर्यंत जात असे, पण रस्ता कधी कोणी त्याला कागदावर काढून विकला नव्हता, असे त्याने दोरालाच सांगितल्यासारखे सांगितले.

"तं मंग बा, पैनगंगेच्या काठी आठ दिवस कोण बसलं होतं?" लाली कागदावरची नजर न काढता म्हणाली. "याडीच सांगते का रस्ता चुकला, अन् अर्धं मीठ इरघळून गेलं."

याडी, म्हणजे आई, असे सुना जिला म्हणत त्या रुपीबाईच्या हातातली शेंग थांबली. तिच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. हरिसिंगने तो पाऊस अवेळी आला होता एवढे सांगून विषय संपवला.

लालीचे म्हणणे खोटे नव्हते, हे भुरीबाईलाही कबूल करावे लागत होते. गावात नीळकंठ मास्तरांच्या बायकोने, पद्मजाबाईंनी, महिला मंडळ काढले त्याला वर्ष झाले होते. लाली दर बुधवारी फुलसावंगीला जाऊन तिथे बसत असे. तिथल्या भिंतीवर या कमळाची एक चादर टांगलेली होती, आणि तिच्यात एक रेघ इकडची तिकडे नव्हती. केळापूरची माणसे चार गावे पाहिलेली. त्यांच्यासमोर गोधडी उलगडली जाईल तेव्हा वाकडा कोपरा कोणाच्या नावावर पडेल? हंसाच्या. लालीने हे सगळे समजुतीच्या स्वरात सांगितले आणि मग नणंदेकडे वळून तिलाच विचारले, की तुला काय पाहिजे ते सांग.

हंसा कवड्या ओवत होती. अठरा वर्षांची ती मुलगी दोन भावजयांच्या मध्ये राहून पुष्कळ शहाणी झाली होती.

"मी चाल्ली केळापूरले," ती म्हणाली. "तुमी दोघी इथंच राह्यनार. मी कोनाच्या बाजूनं बोलली ते तुमी जलमभर ध्यानात ठेवसान. मले नका इचारू."

या उत्तरावर हरिसिंग मोठ्याने हसला, आणि त्या हसण्याने सगळ्यांना थोडे मोकळे वाटले. रुपीबाईने मांडीवरच्या टरफलांचा ढीग बाजूला सारला. दोघींनी करून पाहावे, असे तिने सुचवले. लालीने कागदावरून एक कमळ कापावे. भुरीने आपल्या डोक्याने चौकोन कापावेत. भाकरीच्या वेळेपर्यंत जे होईल ते पाहू. मग तिने कमरेचा बटवा सोडला, त्यातली कात्री काढली, आणि हवेत धरली.

भुरीबाई उठून गेली आणि तिने ती घेतली. कात्रीच्या कड्या अंगठ्याजवळ झिजून पातळ झाल्या होत्या. त्या तिच्या अंगठ्याला घट्ट बसल्या.

"खारव्याचे सोळा चौकोन निघतात," रुपीबाई म्हणाली. "एकेक वितीचा. म्या मोजून ठेवलते. दर बाजूले तीन अन् चार कोपऱ्याले चार."

रचना तेवढ्याने भुरीबाईच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मध्ये निळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची चांदणी, भोवती घरातल्या माणसांच्या कपड्यांच्या पट्ट्या, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी लाल चौकोनांची कड. तिने खारवा मांडीवर पसरला. खारव्याला कात्री फक्त तोंडापुरती लावतात. एक चीर पाडायची आणि दोन हातांनी फाडायचे, म्हणजे तो विणीच्या सुतावर सरळ फाटत जातो. तिने हाताची वीत ताणून माप घेतले, चीर पाडली आणि फाडले. आवाज अंगणभर झाला. पहिली पट्टी अशी सरळ आली की तिला स्वतःचेच कौतुक वाटले. दुसरी आली. तिसरीही आली.

आणि तिच्या मांडीवर उरली ती पट्टी चार बोटे रुंद होती.

तिने ती उलटी करून पाहिली. जमिनीवर ठेवली, पुन्हा उचलली. चार पट्ट्या निघायला हव्या होत्या. तीन निघाल्या होत्या आणि ही चिंधोटी. कुठे चुकले ते तिला समजेना. प्रत्येक वेळी तिने एकच वीत घेतली होती, पुरती एक. समोर लाली पाठ करून आपल्या कमळात गुंतली होती, हंसा कवड्या मोजत होती, आणि सासूला तर दिसतच नव्हते. भुरीबाईने ती अरुंद पट्टी हळूच गुडघ्याखाली सरकवली. पंधरा वर्षांत तिने या घरात कोणापासून काही लपवले नव्हते.

"आखरीचं फाटलं थ्याचा आवाज हलका आला," रुपीबाई म्हणाली.

भुरीबाईने गुडघा पट्टीवर आणखी दाबला.

"आन इकडं."

तिन्ही पट्ट्या आणि गुडघ्याखालची चौथी घेऊन ती सासूजवळ जाऊन बसली. रुपीबाईने पहिल्या पट्टीच्या एका कडेला करंगळी लावली, हात ताणला, आणि तिचा अंगठा दुसऱ्या कडेच्या दोन बोटे अलीकडे थांबला. तिने पुन्हा मोजले. मग अरुंद पट्टी हातांत घेऊन ती बोटांनी चाचपडली.

"ही वीत कोणाची?"

"माह्यी," भुरीबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला सगळे समजले. या घरात वीत म्हटली की ती रुपीबाईची. पेटीतले कापड तिच्या वितीने ठेवलेले, चोळ्या तिच्या वितीने बेतलेल्या, नातवंडांची टोपडीसुद्धा तिच्याच. दुसऱ्या कोणाच्या हाताने इथे कधी काही मोजलेच गेले नव्हते. आणि भुरीबाईचा हात लांब होता. माहेरी सगळ्या जणी तिला त्यावरून चिडवत.

तिला वाटले होते की सासू रागावेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुन्हा 'मले दिसत नाही' म्हणेल. रुपीबाईचे खांदे हलू लागले. आधी आवाज नव्हता. मग तो आला, आणि ती डोळे पुसत बराच वेळ हसत राहिली.

तिने जे सांगितले ते भुरीबाईने याआधी कधी ऐकले नव्हते. रुपीबाईची सासू बुटकी बाई होती, तिचा हात लहान मुलीसारखा. तिने सांगितलेल्या विती आपल्या हाताने मोजून रुपीबाईने या घरातली पहिली गोधडी कापली, आणि ती इतकी मोठी झाली की एका खाटेवर मावेना.

"दोन खाटा जोडून झोपलो आमी तिच्याखाली," हरिसिंगने दोर वळता वळता साक्ष दिली. "चांगली गरम होती."

"मंग याडी, मले पयलेच सांगतलं काहून नाही?"

"मले कोनं सांगतलं होतं?" रुपीबाई म्हणाली.

आता भुरीबाईलाही हसू आले, जरी डोळ्यांत पाणी होते. पट्टी लांबीला चार विती होती, म्हणजे प्रत्येकीतून सासूच्या वितीचे चार चौकोन निघत होते. रुंदीतली दोन बोटे तेवढी छाटून टाकायची. तीन पट्ट्यांचे बारा. सोळा मात्र आता कोणाच्याच हाताने होणार नव्हते.

तिकडे लालीचा आवाज येईनासा झाला होता. भुरीबाईने वळून पाहिले तेव्हा ती आपल्या कमळाकडे एकटक बघत होती. हंसाच्या आणि रुपीबाईच्या जुन्या लुगड्यांतून तिने पाकळ्या कापल्या होत्या, अगदी कागदावरच्या रेघेवरून. पण कापड वापरून वापरून मऊ पडलेले. तिरपे कापले की ते हाताला लागताच ताणले जाई. एक पाकळी लांबट झाली होती, एक पसरट, आणि सगळ्या वर्तुळात मांडल्यावर आठवीला जागाच उरली नव्हती. सात पाकळ्यांचे कमळ घेऊन ती बसली होती.

नेमक्या त्याच वेळी पद्मजाबाई आल्या. त्या शेताच्या वाटेने पायी आल्या होत्या आणि त्यांच्या पातळाच्या काठाला कुसळे लागली होती. मंडळाकडे कमळाचे तीनच कागद आले होते आणि लालीने आणलेल्या तिसऱ्यासाठी दुसरी एक बाई थांबली होती. लाली हा कागद ठेवणार की परत करणार, एवढे विचारायला त्या आल्या होत्या. हंसाने त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, आणि सात पाकळ्यांच्या कमळातली एक पाकळी उचलून त्यांनी तिचे कापड बोटांनी ताणून पाहिले.

"यात तुमची चूक नाही, लालीबाई," त्या म्हणाल्या. "हा कागद नव्या कोऱ्या कापडासाठी केलेला आहे. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. मी फक्त छापलेलं गिरवते."

लालीने मान खाली घातली. दर बुधवारची पायपीट, भिंतीवरची चादर, जावेला ऐकवलेल्या ओळी, हे सगळे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. सकाळी भुरीबाईला हे पाहून बरे वाटले असते. आता तिला फक्त एवढे वाटले, की तिचाही बेत आपल्यासारखाच फसला.

पद्मजाबाईंनी रुपीबाईंना मनापासून विचारले, की कागद नसताना त्या त्रिकोण सारखे कसे करतात. रुपीबाईने भुरीकडून छाटलेला एक चौकोन मागून घेतला. तिने तो कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला, अंगठ्याच्या नखाने घडी दाबली, पुन्हा दुमडला, पुन्हा दाबला. वीत फक्त बाहेरून मोजायला. आतले सगळे घडीत असते, असे ती म्हणाली. तिची बोटे आता शेंगा सोलताना चालत त्याहून जलद चालत होती.

लाली ते पाहत होती. तिने काही न बोलता आपला कागद ओढला आणि मधोमध दुमडला. मग आडवा दुमडला, मग तिरपा. पद्मजाबाई 'अहो' म्हणेपर्यंत तिने घड्या उलगडल्याही होत्या. प्रत्येक पाकळीची मधली रेघ बरोबर घडीवर पडत होती.

"हे तं याडीचंच हाय," ती म्हणाली. "घडी घालून कोनीतरी काढलं, अन् मंग छापलं."

तिच्या आवाजात निराशा नव्हती. तिने कागद भुरीबाईपुढे धरला आणि घडीवरून बोट फिरवून दाखवले. भुरीबाईने घड्या पाहिल्या, मग जावेचा चेहरा पाहिला, आणि दोघी शेजारी शेजारी सरकून बसल्या, कारण एकच कागद दोघींना पाहायचा होता. इथून त्रिकोण असा, मग तो उलटा जोडला की चांदणीचे टोक असे, हे त्या एकमेकींचे वाक्य तोडत बोलू लागल्या. भुरीबाईला घडी दिसत होती; लालीला आकडा येत होता. किती त्रिकोण, किती पांढरे, किती निळे, हे तिने बोटांवर मोजून पटापट सांगितले.

फक्त चार कोपरे अडले. भुरीबाईने पेटीतले कापड पुन्हा उपसले. हरिसिंगचे जुने पागोटे आले होते, देवसिंगचे धोतर, तिचे स्वतःचे लुगडे, रुपीबाईचा भरतकाम केलेला घागरा, मुलांचे सदरे. सगळ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. कोपऱ्यात घालण्याजोगे जाड, पक्क्या रंगाचे काहीच उरले नव्हते.

"लहान भाभीच्या घरचं काईच नाही याच्यात," हंसा हळूच म्हणाली.

कवड्यांचा आवाज थांबला. हरिसिंगने दोर खाली ठेवला.

"मले कोनं मागतलंच नाही," लाली म्हणाली. तिने ते कोणाकडे न पाहता म्हटले. "म्हनून मी म्हनलं, नवं कापड घ्या, कागद घ्या. नवं घेतलं असतं तं त्याच्यात आमचा बी वाटा टाकता आला असता."

सगळ्यांचे कापड जमा कर, असे रुपीबाईने भुरीबाईला दिवाळीनंतर लगेच सांगितले होते. 'सगळ्यांचे' असेच ती म्हणाली होती. भुरीबाई या घरातल्या प्रत्येक खुंटीपाशी गेली होती, शेतावर जाऊन देवसिंगचे धोतर तिने मागून आणले होते. अंगण ओलांडून ती गेली नव्हती. जायचे नाही असे काही तिने ठरवले नव्हते. ते तिच्या लक्षातच आले नव्हते, आणि आता तिला त्याचीच अधिक लाज वाटली.

"याडीनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "मीच नाही आली. माह्यी चूक हाय, लाली."

लाली उठली. ती आपल्या दारात शिरली तेव्हा क्षणभर भुरीबाईला वाटले की ती आता बाहेर येणार नाही. आत पेटीची कडी वाजली. ती परत आली तेव्हा तिच्या हातांत हिरव्या जाड कापडाची घडी होती, मध्ये लिंबाचा पाला घातलेली. पूनमसिंगच्या लग्नातले पागोटे. ते त्याने त्यानंतर पुन्हा बांधले नव्हते.

तिने ते भुरीबाईसमोर ठेवले. भुरीबाईने कात्री उचलली आणि ती तशीच तिच्याकडे केली. लालीने हात मागे घेतला. तिला कापडापेक्षा आपल्या हाताची भीती वाटत असावी. मग तिने विचारले, की वीत कोणाची धरायची.

यावर चौघी एकदम बोलल्या आणि कोणाचेच कोणाला समजले नाही. शेवटी लालीनेच तोड काढली. तिने कमळाचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने रुपीबाईचा हात त्यावर पसरून ठेवला, करंगळीपाशी आणि अंगठ्यापाशी कोळशाने खूण केली, घडी घालून चौकोन काटकोनात आणला, आणि कापला. आता तोच चौकोन ज्या त्या कापडावर ठेवायचा होता. कोणाचाही हात असो, तुकडा सारखाच येणार होता.

पद्मजाबाई आपल्या निम्म्या कमळाकडे पाहत होत्या. "म्हणजे कागद तुम्ही ठेवून घेतलात," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या. मंडळात त्या थांबलेल्या बाईला काय सांगायचे, याचा विचार त्यांनी वाटेत करायचे ठरवले. जाण्याआधी त्यांनी लालीला विचारले, की येत्या बुधवारी सासूबाईंना मंडळात आणाल का. बैलगाडी मास्तर पाठवतील. रुपीबाईने आपल्याला दिसत नाही असे सांगितले, पण यावेळी ते नाही म्हणण्यासाठी नव्हते. गाडीत कोणीतरी शेजारी बसायला लागेल, एवढेच तिचे म्हणणे होते.

ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत सरकले तोवर सगळे तुकडे जागच्या जागी मांडून झाले. मध्ये चांदणी, तिच्याभोवती पट्ट्या, कडेला बारा लाल चौकोन आणि चार टोकांना चार हिरवे. भुरीबाईने सासूला हाताला धरून आणले आणि कडेशी बसवले. रुपीबाईने गुडघ्यांवर रांगत चारी बाजूंनी हात फिरवला. घागऱ्यावरचे भरतकाम तिच्या बोटांनी ओळखले, खारवा ओळखला, धोतराच्या सुताशी ती मिनिटभर थांबली. हिरव्या कोपऱ्यावर तिचा हात आला आणि तिथेच राहिला.

"पूनमचं," ती म्हणाली. कोणी तिला सांगितले नव्हते. "टाका इथूनच सुरू करा."

गोधडीचा पहिला टाका घरात जिच्या हाती कात्री असते तिने घालायचा असतो, आणि भुरीबाई या टाक्याची पंधरा वर्षे वाट पाहत होती. तिने सुईत दोरा ओवला. दोऱ्याला गाठ मारली. मग तिने सुई लालीच्या हातात दिली, आणि स्वतः उठून समोरच्या कोपऱ्यावर, दुसऱ्या हिरव्या चौकोनापाशी, दुसरी सुई घेऊन बसली. दोन कोपऱ्यांतून एकदम शिवायला या घरात कोणी सुरुवात केली नव्हती. रुपीबाईने कान देऊन दोन्हीकडचा दोरा कापडातून ओढला जातानाचा आवाज ऐकला, आणि तुरीच्या शेंगा पुन्हा मांडीवर घेतल्या.

लालीचा टाका मोठा पडत होता. भुरीबाईने दुरूनच ते पाहिले आणि सांगितले. लाली म्हणाली, तुमच्या तिळाएवढ्या टाक्यानं हंसा म्हातारी होईस्तोवर गोधडी पुरी होणार नाही. हंसा दोघींच्या मध्ये पोटावर पालथी पडून कवड्या लावायच्या जागा शोधत होती, आणि तिला कोणीही उठ म्हणत नव्हते.

हरिसिंगने चहा मागितला. कोणी ऐकले नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा मागितला, यावेळी दोराकडे न पाहता. भुरीबाई हो म्हणाली आणि शिवत राहिली. तिसऱ्या खेपेला तो स्वतःच उठला, पायांत जोडे घातले, आणि अंगणाच्या मधोमध येऊन गूळ कुठे ठेवला आहे ते विचारले.

"चुलीजवळच्या डब्यात," भुरीबाई म्हणाली.

"दाराच्या वरतं, फळीवर," लाली त्याच क्षणी म्हणाली.

दोघींनीही मान वर केली नव्हती. म्हातारा दोन दारांच्या मध्ये उभा राहिला आणि त्याने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे. मग पागोटे चौकटीला लागू नये म्हणून तो वाकला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच धाकट्या सुनेच्या घरात शिरून फळीवर हात घालून गूळ शोधू लागला.